कार्लो अकुटिस संत झाला, पण तिथपर्यंतचा रस्ता कुणी तयार केला?

७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात कार्लो अकुटिसला संत जाहीर केलं, तेव्हा सगळीकडे त्याच दोन-तीन गोष्टी फिरत होत्या. जीन्स आणि स्नीकर्समधला संत, पहिला मिलेनियल संत, इंटरनेटवाला संत. मुलांना तो आपल्यातला वाटतो हे चांगलंच आहे, पण मला विचाराल तर खरी गोष्ट कपड्यांची नाहीच. पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याने मठ काढला नाही, धर्मासाठी रक्त सांडलं नाही, शाळेत गेला, कॉम्प्युटरवर बसला, मित्रांबरोबर खेळला आणि आजारी पडून गेला, अशा मुलाला चर्च संत म्हणतं हे शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ अशक्य होतं. ते शक्य कसं झालं ते थोडं मागे जाऊन बघायला हवं.

आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांना संत ठरवायला कुठलं ऑफिस लागलं नाही, लोकांनी मानलं आणि झालं. कॅथलिकांमध्येही सुरुवातीला असंच होतं, हुतात्म्याच्या कबरीपाशी लोक जमायचे, त्याचा दिवस पाळायचे. पण सतराव्या शतकात पोप अर्बन आठवे यांनी नियम आवळले आणि पुढे संतपद म्हणजे अक्षरशः एक केस झाली, साक्षीदार, कागदपत्रं, उलटतपासणी, चमत्कारांची वैद्यकीय छाननी. त्यात मुख्य वाटा दोनच. एक तर श्रद्धेसाठी जीव दिलेला असावा, नाहीतर आयुष्यभर असामान्य पातळीवर सद्गुण जगल्याचं सिद्ध व्हावं. वसईचा गोन्सालो गार्सिया पहिल्या वाटेचा, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ ला संत झाला. पोरांसाठीही ती वाट मोकळी होती, रोमची अ‍ॅग्नेस लहान वयातलीच हुतात्मा. अडचण दुसऱ्या वाटेची. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने असामान्य सद्गुण दाखवले म्हणजे नक्की काय केलं? त्याला अजून मोठे मोह भेटलेच नाहीत, परीक्षा झालीच नाही, मग तो नुसता गुणी मुलगा की संत? प्रश्न तसा रास्त होता.

या प्रश्नाला पहिला मोठा धक्का दिला डॉमिनिक सॅव्हिओने. १८४२ चा जन्म, इटलीतल्या तुरिनजवळच्या खेड्यातला, गरीब घरचा. १८५४ ला तो डॉन बॉस्कोंच्या वसतिगृहात आला (हेच डॉन बॉस्को, ज्यांच्या नावाची शाळा आपल्या माटुंग्याला आहे). काही महिन्यांनी डॉन बॉस्कोंनी प्रवचनात सांगितलं की संत होणं ही देवाची इच्छा आहे आणि ते सोपं आहे, आणि डॉमिनिकने ते इतकं मनावर घेतलं की तो गंभीर झाला, खेळणं सोडून कोपऱ्यात प्रार्थना करायला लागला. त्याच्या डोक्यात संत म्हणजे कडक तप. कडाक्याच्या थंडीत एकच पातळ पांघरूण घेऊन कुडकुडत झोपलेला डॉन बॉस्कोंना सापडला तेव्हा त्यांनी त्याला सरळ बंदी घातली, परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही. त्याऐवजी काय, तर आनंदात राहा, अभ्यास नीट कर, मित्रांमध्ये खेळ, त्यांना मदत कर. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासाचा सांधा वाटतो, कारण इथे एक धर्मगुरू एका पोराला सांगतोय की तुझी साधना तुझ्या वेळापत्रकातच आहे, वेगळी शोधायला जाऊ नकोस. आणि पोराने ते ऐकलं. दोन मुलं दगड घेऊन एकमेकांवर तुटून पडायला निघाली होती तेव्हा हा क्रूस हातात घेऊन मध्ये उभा राहिला, पहिला दगड मला मारा म्हणाला, आणि भांडण तिथेच मिटलं.

डॉमिनिक १८५७ ला गेला, पंधराही पूर्ण नव्हती. डॉन बॉस्कोंनी दोनच वर्षांत त्याचं चरित्र लिहून छापलं, तरी संतपद मिळायला १९५४ उजाडलं. सत्त्याण्णव वर्षं! वयाचा आक्षेप सारखा आडवा येत होता.

दरम्यान फ्रान्समध्ये लिझ्यूची तेरेजा होऊन गेली. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, चोवीसाव्या वर्षी १८९७ ला क्षयाने गेली, आणि बाहेरून बघितलं तर केलं काहीच नाही. इतकं की ती आजारी असताना मठातली एक सिस्टर म्हणत होती म्हणे, ही गेल्यावर मदर हिच्याबद्दल लिहिणार तरी काय! तिच्या स्वतःच्या लिखाणात मात्र काय आहे बघा. धुणं धुताना समोरची सिस्टर कपडे आपटायची आणि घाण पाणी हिच्या तोंडावर उडायचं, पहिली इच्छा मागे सरकून तोंड पुसायची, म्हणजे समोरचीला कळेल. तेरेजाने ठरवलं की पुसायचं नाही, चिडल्याचं दाखवायचं नाही. बस, एवढंच. असल्या बारीक गोष्टींतून तिने तिचा ‘छोटा मार्ग’ मांडला, आणि १९२५ ला पोप पायस अकरावे यांनी तिला संत केलं, अवघ्या अठ्ठावीस वर्षांत. त्यामुळे कार्लोचं फारच झटपट झालं असं जे म्हणतात त्यांनी हा आकडा बघावा, कार्लोला एकोणीस वर्षं लागली, फार मोठा फरक नाही.

तरी तेरेजा मठात राहणारी होती. साध्या संसारातल्या, कॉलेजातल्या, ऑफिसातल्या माणसाचं काय? त्याचं उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची मोठी सभा) १९६४ मध्ये लेखी दिलं, पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे, फादर-सिस्टरांची ती मक्तेदारी नाही. पोरांचा प्रश्न मात्र तरीही अडलेलाच. पोर्तुगालमधल्या फातिमा गावाजवळची जासिंता आणि फ्रान्सिस्को ही भावंडं, स्पॅनिश फ्लूच्या साथीत लहानपणीच गेलेली, त्यांची केस पुढे सरकेना, कारण १९३७ मध्येच रोमने ठरवलं होतं की हुतात्मा नसलेल्या लहान मुलांच्या केसेस घ्यायच्या नाहीत. जगभरच्या बिशपांनी पत्रं लिहिली, धर्मशास्त्रज्ञ बसले, आणि १९८१ मध्ये कुठे मान्य झालं की मूलसुद्धा त्याच्या वयाच्या मानाने असामान्य सद्गुण जगू शकतं. त्याच्या वयाच्या मानाने, हे महत्त्वाचं. २००० साली ती दोघं धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) झाली, २०१७ ला संत.

म्हणजे कार्लो १९९१ ला लंडनमध्ये जन्मला तेव्हा दार उघडून दहा वर्षं झाली होती. घरचे मिलानचे, खाऊनपिऊन सुखी, पण धार्मिक अजिबात नव्हते, आईने स्वतःच सांगितलंय की ती जेमतेम दोन-तीनदा मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेली असेल. पोरगा मात्र सातव्या वर्षी, खास परवानगीने, फर्स्ट कम्युनियन घेतो (म्हणजे ख्रिस्तप्रसाद, मिस्सातली पवित्र भाकर, पहिल्यांदा घेतो) आणि मग रोज मिस्सा सोडत नाही, आईला उलट तोच चर्चमध्ये घेऊन आला. घरात कामाला एक मूळचा मॉरिशसचा, हिंदू ब्राह्मण घरातला माणूस होता, त्यानेही पुढे कार्लोमुळे बाप्तिस्मा घेतला. प्लेस्टेशन आठवड्यातून एकच तास, हा नियम त्याने स्वतःला घातलेला, आणि साठवलेल्या पैशातून रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला स्लीपिंग बॅग घेऊन दिली. प्रोग्रॅमिंग शिकून ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट बनवली, ती सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते तो एक तासाचा नियम जास्त मोठा, कारण तो आजच्या कुठल्याही घरातल्या पोराला आज संध्याकाळपासून पाळता येईल.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्युकेमिया निघाला, काही दिवसांत, १२ तारखेला, तो मोन्झाच्या हॉस्पिटलमध्ये गेला. अंत्यविधीला घरच्यांनी कधी न पाहिलेली बेघर, परदेशातून आलेली गरीब माणसं आली, ज्यांना तो गुपचूप मदत करायचा. अगदी हेच १९२५ मध्ये तुरिनला झालं होतं. पिएर जॉर्जो फ्रासाती, ला स्ताम्पा वर्तमानपत्राच्या मालकाचा मुलगा, डोंगर चढणारा, मित्रांत दंगा करणारा, पोलिओने चोवीसाव्या वर्षी गेला, आणि अंत्ययात्रेला गरिबांची एवढी गर्दी लोटली की आपला मुलगा काय करत होता ते आईवडिलांना तेव्हा कळलं. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने चिठ्ठी लिहिली होती, एका गरीब आजाऱ्याची इंजेक्शनं पोचवा म्हणून. त्याला संतपद मिळायला शंभर वर्षं लागली, आणि ते मिळालं कार्लोबरोबर, एकाच दिवशी, एकाच वेदीसमोर. कार्लोचं आधी २७ एप्रिलला ठरलं होतं, पोप फ्रान्सिस २१ तारखेला गेले म्हणून पुढे ढकललं.

रांगेत अजून आहेत. इटलीचीच कियारा बदानो, टेनिस खेळणारी मुलगी, १९९० ला हाडाच्या कॅन्सरने अठराव्या वर्षी गेली, २०१० ला धन्यवादित झाली. मत्तेओ फरीना, स्वतःचा बँड असलेला, २००९ ला ब्रेन ट्यूमरने गेला, तोही अठराचाच, २०२० मध्ये त्याचे सद्गुण असामान्य असल्याचं रोमने मान्य केलं. धन्यवादित व्हायला त्याच्या नावावर एक चमत्कार सिद्ध व्हावा लागेल, संत व्हायला त्यानंतर आणखी एक.