द बॅट व्हिस्पर्स

अमेरिकी रहस्यपट (१९३०). दिग्दर्शक रोलंड वेस्ट. वितरण युनायटेड आर्टिस्ट्स. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट व एव्हरी हॉपवुड यांच्या ‘द बॅट’ (१९२०) या ब्रॉडवेवर गाजलेल्या नाटकावर आधारित. याच नाटकावरून वेस्ट यांनी १९२६ मध्ये मूकपटही केला होता. भाड्याने घेतलेला आडबाजूचा वाडा, बँकेतून नाहीशी झालेली रक्कम आणि वटवाघळाच्या वेषात वावरणारा गुन्हेगार यांभोवती कथा फिरते. रहस्य बाहेर फोडू नका, अशी विनंती चित्रपटाच्या अखेरीस अभिनेता चेस्टर मॉरिस प्रेक्षकांना करतो. प्रस्तुत नोंदीतही ती पाळली आहे.

नाटकाच्या मुळाविषयी मतभेद आढळतात. राइनहार्ट यांच्या ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ (१९०८) या कादंबरीचे ते रूपांतर होय, असे सर्रास म्हटले जाते. भाड्याचा वाडा, निर्भय प्रौढ अविवाहिता, तिची भित्री दासी आणि बँकेतील अफरातफर हे धागे कादंबरीतलेच आहेत. मात्र ज्याच्यावर सारे नाट्य उभे आहे, तो वटवाघूळवेषधारी गुन्हेगार कादंबरीत नाही. त्यामुळे नाटकाला रूपांतर न मानता कादंबरीच्या सामग्रीतून केलेली नवी रचना मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय सेलिग कंपनीने १९१५ मध्ये कादंबरीवर काढलेला मूकपट ही वेगळी परंपरा असून दोहोंची गल्लत करू नये.

चित्रपटाचे खरे महत्त्व छायाचित्रणात आहे. तो नेहमीच्या ३५ मिमी. फितीबरोबरच ६५ मिमी. रुंद फितीवरही चित्रित झाला. पहिल्याचे काम रे जून, तर दुसऱ्याचे रॉबर्ट प्लँक यांनी पाहिले. रुंद आवृत्ती म्हणजे अरुंद चौकटीचे विस्तारित रूप नव्हे. दोन्हींची चित्रफीत स्वतंत्र असल्याने एकाच प्रसंगातील पात्रांची मांडणी व अभिनय यांत फरक दिसतो. प्रारंभी मनोऱ्यावरील घड्याळापासून खाली रस्त्याकडे झेपावणारा कॅमेरा लघुप्रतिकृतींच्या साहाय्याने साधला आहे. बोलपटांच्या पहिल्या वर्षांत ध्वनियंत्रणेमुळे कॅमेरा जखडला होता, हा समज या चित्रपटापुरता तरी टिकत नाही. रुंद पडद्याचा प्रयोग मात्र रुजला नाही. चित्रगृहांनी ध्वनियंत्रणेवर नुकताच मोठा खर्च केला होता आणि त्यातच महामंदी आली.

‘बॅटमॅन’ या चित्रकथा-नायकाच्या निर्मितीमागील प्रेरणांत त्याचे एक जनक, चित्रकार बॉब केन यांनी या चित्रपटाचा उल्लेख केला आहे. तथापि लिओनार्दो दा विंचीचे उड्डाणयंत्र व झोरो हा मुखवटाधारी नायक यांचीही नावे त्यांनी घेतली असल्याने हा एकमेव उगम ठरत नाही. याच नाटकावर १९५९ मध्ये क्रेन विल्बर यांनी पुन्हा चित्रपट केला; त्यात व्हिन्सेंट प्राइस व ॲग्नेस मूरहेड होते.