मक्याचे उत्पादन आणि पाण्याचा हिशेब: पीक मॉडेलांची पार्श्वभूमी

मक्याला किती पाणी लागते, हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील ॲक्रन येथे लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी १९१०च्या दशकात झाकण लावलेल्या कुंड्यांत पिके वाढवली आणि कुंड्यांची वजने करून, एक किलो कोरडा वनस्पतिभार तयार होईपर्यंत पिकाने किती पाणी हवेत सोडले, याचा हिशेब मांडला. मक्याला गव्हापेक्षा बरेच कमी पाणी पुरते, हे त्यातून दिसले. नेदरलँड्सचे सी. टी. डी विट यांनी १९५८ मध्ये अशा जुन्या नोंदी नव्याने तपासून, कोरड्या व भरपूर उन्हाच्या प्रदेशांत पिकाची वाढ आणि बाष्पोत्सर्जन (पानांतून हवेत जाणारे पाणी) यांचे नाते हवामानाच्या आधाराने सूत्रात बांधले.

कुंडीचे तोंड झाकता येते. शेतात मात्र पानांतून जाणारे आणि उघड्या मातीतून उडणारे पाणी एकत्रच हवेत मिसळते, आणि वाढीशी थेट संबंध असतो तो पहिल्याचाच. टेक्सासमधील टेंपल येथे जो रिची यांनी १९७२ मध्ये पानांच्या विस्तारावरून या दोहोंची विभागणी करण्याची पद्धत मांडली. या इतिहासातील सर्वांत निर्णायक पाऊल मला हेच वाटते, कारण त्यामुळे कुंडीतले ज्ञान शेतात वापरता आले. १९८६ मध्ये जोन्स आणि किनिरी यांनी प्रसिद्ध केलेले सेरेस-मेझ हे पीक मॉडेल, म्हणजे पिकाच्या वाढीचा हिशेब करणारी संगणकीय आज्ञावली, मातीच्या थराथरातील ओलावा, मुळांची खोली, तापमान आणि सूर्यप्रकाश यांचा रोजचा हिशेब ठेवत दाण्यांच्या उत्पादनापर्यंत पोहोचते.

ओगलाला भूजलसाठा खालावत चाललेल्या पश्चिम कॅन्सास आणि उत्तर टेक्सासमध्ये अशा मॉडेलांचे मोल मोठे आहे. तुरा आणि केसर येण्याच्या नाजूक काळात ताण पडू न देता सिंचन कुठे कमी करता येईल, हे त्यांच्या साहाय्याने अनेक वर्षांच्या हवामानावर पडताळता येते.

तरीही मॉडेलांची पारख बराच काळ मुख्यतः उत्पादनावरच झाली, कारण दाणे तोलणे सोपे, तर पिकाने वापरलेले पाणी मोजणे खर्चिक असते. २०१९ मध्ये आयोवातील एम्स येथील मोजमापांशी मक्याची २९ मॉडेले ताडून पाहिली, तेव्हा पाणीवापराच्या त्यांच्या अंदाजांत मोठी तफावत आढळली. उत्पादन अचूक सांगणाऱ्या मॉडेलवर पाणीवाटप सोपवणे म्हणूनच घाईचे ठरते. टेक्सासमधील बुशलँड येथे तीन मीटर लांब-रुंद मातीचा ठोकळा उभ्या पिकासह सतत तोलला जातो. तेथील नोंदींवर मॉडेले पारखली, तर पाण्याचा अंदाज नेमका कुठे चुकतो ते शोधता येते.