मॅगझिन, रायफलीचे

काडतुसे साठवून एकेक करून बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, वाटेत आणून ठेवणारा, स्प्रिंगवर चालणारा रायफलीचा भाग. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचे काडतूस रायफल आपणच भरून घेते. हे भरणे मॅगझिनवर अवलंबून असल्याने त्याला नुसता डबा समजणे चुकीचे ठरते.

व्युत्पत्ती : मूळ अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार. पोर्तुगीज ‘आर्माझेम’, फ्रेंच ‘मागाझँ’ आणि फारसीमार्गे मराठीत आलेला ‘खजिना’ ही सारी एकाच धातूची पिलावळ. इंग्रजीत दारूगोळ्याचे कोठार हा अर्थ आधीचा. नियतकालिकाचा अर्थ अठराव्या शतकातला. ‘काडतूस’ या शब्दाबाबत मात्र एकमत नाही. इंग्रजी ‘कार्ट्रिज’पासून तो आला असता तर शेवटी ‘ज’ उरायला हवा होता. तेव्हा वाद उरतो तो पोर्तुगीज ‘कार्तूशु’ आणि फ्रेंच ‘कार्तूश’ यांच्यात. फ्रेंच पक्षाचा आधार असा, की महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी फ्रेंचभाषक सेनानी द ब्वान्यच्या हाताखाली १७८४ नंतर उभ्या राहिल्या. उत्तरेकडील ‘कारतूस’ या रूपाला तो मार्ग लागू पडत असेलही. कोकण किनाऱ्याचा पोर्तुगिजांशी संबंध त्याआधी पावणेतीनशे वर्षांचा होता, हे लक्षात घेता मराठी रूपापुरते पोर्तुगीज मूळ अधिक संभवनीय वाटते.

गोव्यातील पूर्वपीठिका : १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी येथील बंदूक कारागिरांना कामाला लावले. जुन्या गोव्यात शस्त्रशाळा होती, तर पणेलीत दारूचा कारखाना. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकांना मॅगझिन नव्हते. पोर्तुगीज सैन्याने १८८६ मध्ये स्वीकारलेल्या क्रोपाचेक रायफलीत ते नळीखाली, नळीच्याच आकाराचे होते. काढता येणाऱ्या पेटीवजा मॅगझिनचे पेटंट जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ मध्ये घेतले. त्यांचेच नाव लावणारी .३०३ ली-एनफिल्ड डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीच्या वेळी भारतीय पायदळाच्या हाती होती. तिचे काडतूस कडेचे, म्हणजे बुडाची कड बाहेर आलेले. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की भरणे ठप्प. भारतीय सैन्यात सेमी-ऑटोमॅटिक एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), म्हणजे इशापूरच्या कारखान्याची ७.६२ मिमी १अ१, आली ती १९६२ च्या चीन युद्धानंतर.

बसवणूक : एसएलआर घराण्यातील मॅगझिनचा पुढचा खुंट आधी रायफलीत अडकवून मग मागचा भाग वर फिरवून बसवतात. मॅगझिन धरून ठेवणारा खटका वाजला तरी ते खाली ओढून पाहावे. या घराण्यात इंची व मेट्रिक अशा दोन मापपद्धती असून इंची मॅगझिनचा खुंट मोठा, वेगळा जोडलेला असतो. ते मेट्रिक रायफलीत बसत नाही. मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत बसते, पण हलते. मॅगझिन किंचित खाली राहिले की बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो आणि नळी रिकामीच राहते. खटक्याची झीज झाली असली तरी लक्षण हेच.

भरण्यातील दोष : वरच्या दोन ओठांवर सारा खेळ असतो. ते फाकले की काडतूस वेळेआधी सुटते, प्रसंगी दोन एकदम येतात. आत दबले की काडतुसाचे टोक खाली जाऊन समोर आदळते. बाजूला पोचा पडला असेल तर काडतुसे वर ढकलणारा आतला पाटा अडकतो. शेवटची दोनतीन काडतुसे अडत असतील तर स्प्रिंगवर संशय घ्यावा. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते असा समज पुष्कळ जुना आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्यापेक्षा वारंवार दाबण्या-सोडण्याने अधिक थकते, हे मत ग्राह्य दिसते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर थकण्याआधी गंजच तिला गाठतो. त्यावर तेलाचा मारा हा उपाय नव्हे, कारण तेलावर जांभ्याची तांबडी धूळ चिकटून पाट्याची चाल जड होते. मॅगझिन उघडून पुसून कोरडे करावे, स्प्रिंगला तेलाचा केवळ हात फिरवावा.

दोष मॅगझिनचा की रायफलीचा, हे ठरवायला मॅगझिनांवर क्रमांक घालतात. एकाच क्रमांकाला अडथळा येत असेल तर ते मॅगझिन बाजूला काढतात. सगळ्यांनाच येत असेल तर खटका, काडतुसाचे घर व गोळीमागच्या वायूने बोल्ट मागे ढकलणारी गॅसची व्यवस्था तपासावी लागते. गॅस कमी पडला की बोल्ट पुरेसा मागे जात नाही, पुढचे काडतूस उचलत नाही आणि दोष विनाकारण मॅगझिनच्या माथी येतो. कवायतीत अशा अडथळ्यावरच्या तत्काळ उपायाला ‘फौरी इलाज’ म्हणतात. तपासणी मात्र मॅगझिन उतरवून, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करूनच होते. ओठ पकडीने वाकवणे हा उपाय नव्हे; मापाने तपासून ते काम आर्मररने, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याने, करावे, नाहीतर मॅगझिन बाद करावे.

प्लॅस्टिकच्या मॅगझिनला गंज नाही, पण तडा जातो. इन्सास या भारतीय रायफलीची पारदर्शक मॅगझिने कारगिलच्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी होत्या. गोव्यात ती थंडी नाही. येथे पीकरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका बहुधा एकनळी वा दुनळी बारा बोअरच्या असतात, आणि त्यांना मॅगझिन नसते.