लिचगेट

इंग्लंड आणि वेल्समधील चर्चच्या आवाराचे छप्पर असलेले प्रवेशद्वार. अंत्ययात्रा येथे थांबते आणि खांदेकरी शवपेटी खाली ठेवून पाद्रीची वाट पाहतात. आपल्याकडे विसाव्याला तिरडी टेकवतात, तशीच ही जागा. पण इथल्या थांबण्याला प्रार्थनाविधीचा आधार आहे. पाद्रीने प्रेताला आवाराच्या वेशीवर सामोरे जावे, असे १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथात सांगितले आहे आणि १६६२ च्या ग्रंथाने तो नियम कायम ठेवला. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन म्हणत पाद्री तेथून पुढे चालू लागतो.

पूर्वी गरिबाचे प्रेत पेटीविना, कफनात गुंडाळून गावाच्या सामाईक तिरडीवरून येई. पावसात ताटकळावे लागे, म्हणून वर छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला बाके आणि काही ठिकाणी मधोमध शवपेटी ठेवण्याचा दगडी ओटा. सरे परगण्यातील चिडिंगफोल्डला असा ओटा अजून आहे.

मध्ययुगीन लिचगेटे थोडीच उरली. लंडनजवळच्या बेकनहॅम येथील १३ व्या शतकातले मानले जाते. सर्वांत जुन्यांत त्याचे नाव घेतात. वॉरिकशरमधील लाँग कॉम्प्टनचे लिचगेट म्हणजे मुळात एक घर होते. त्याचा तळमजला काढून खालून वाट केली, वरची खोली मात्र राहिली. आज दिसणारी बहुतेक लिचगेटे १९ व्या शतकातील गॉथिक पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे मध्ययुगीन शैलीत पुन्हा बांधकामे होऊ लागली त्या काळातली, किंवा पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे कोरून स्मारक म्हणून उभारलेली आहेत.

रचनेचे मुख्य प्रकार दोन. एकात चार किंवा सहा खांबांवर देवडीसारखे छप्पर असते. दुसऱ्यात खांब आढ्याच्या रेषेतच उभे असतात आणि छपराचा भार दोन्हीकडे झुकत्या तिरप्या आधारांवर तोलला जातो. हा प्रकार दिसायला हलका असतो, पण एक खांब खचला तरी सगळे छप्पर कलते. जुना सांगाडा ओल्या ओकचा असतो. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार वाळलेल्या ओकची खुंटी मारतात. दोन्ही लाकडांतली भोके मुद्दाम किंचित मागेपुढे पाडलेली असतात, त्यामुळे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो. लोखंडी खिळे टाळलेले बरे, कारण ओकमधील आम्लामुळे ते गंजतात आणि लाकडावर काळे डाग पडतात. आता बोल्ट लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा घेतात.

बिघाड बहुधा खांबाच्या पायथ्याशी सुरू होतो. शतकानुशतकांची दफने आणि वाटेवर पुन्हापुन्हा घातलेली फरसबंदी यांमुळे आवाराची जमीन चढत जाते. दगडी जोत्यावर कोरडा राहायला हवा असा खांब मग मातीला टेकतो आणि ओल वर शोषतो. त्याभोवती सिमेंट भरणे हा सर्वांत घातक उपाय होय. पाणी आत अडकते आणि बाहेरून धड दिसणारा खांब आतून भुसभुशीत होतो. वर जाड तैलरंग चढवला तरी परिणाम तोच. योग्य दुरुस्तीत आधी छपराला टेकू देतात, भोवतालची माती उतरवतात, कुजलेला भाग तेवढा कापून तिरक्या सांध्याने नवे ओक जोडतात. शाबूत जुने लाकूड कधीही काढू नये, कारण हत्यारांच्या मूळ खुणा त्यावरच असतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात अशा कामासाठी बिशपक्षेत्राच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.