गिटारचा ट्रेमोलो गंजलाय? नवा घेण्याआधी एवढं वाचा

गणपतीतले कार्यक्रम आटोपले की आमच्या सांगलीच्या दुकानात ठरलेली तक्रार येते. ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवायचा दांडा दाबला की कुरकुर, सोडला की तारा सुरात परत येत नाहीत, आणि ब्रिजवर, म्हणजे हा दांडा ज्याला लावलेला असतो आणि ज्यावरून तारा जातात त्या धातूच्या भागावर, तांबूस गंज. "पूर्ण ब्रिजच बदलून टाका" असं बरेच जण दारातूनच सांगतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

(नावाचा घोळ जुनाच आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. हा दांडा तर सूर वर-खाली करतो. पण लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर हेच नाव दिलं, मग आम्हीही तेच म्हणतो.)

सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते त्या छोट्या तुकड्यांवर, डाग पडले असतील तर ते फक्त दिसायला वाईट. बघायची जागा म्हणजे ब्रिज पुढच्या सहा स्क्रूंवर किंवा दोन खुंट्यांवर जिथे टेकतो ती धार. सहा तारांची मिळून ओढ ४० किलोच्या आसपास असते, मागच्या स्प्रिंगा ती तोलून धरतात, आणि सगळं झुलतं ते या धारेवर. घामातल्या मिठाने ती खडबडीत झाली की ब्रिज दरवेळी वेगळ्याच जागी थांबतो. थोडा गंज घासून निघतो. धार बोथट झाली असेल, तर मात्र भाग बदलावाच लागतो.

सॅडलची उंची बदलणारे बारीक स्क्रू सगळ्यात जास्त छळतात. त्यांना बहुधा १.५ मिमीची ॲलन की लागते, काही अमेरिकन गिटारींना इंची माप, म्हणजे ०.०५० इंच. "जवळपास बसतेय" म्हणून दुसरीच की फिरवली की आतले कोपरे गेलेच म्हणा. आम्ही सॅडल काढून घेतो, गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवतो, तरी हलला नाही तर सोल्डरिंगच्या टोकाने स्क्रू तापवतो. घरी हे तेल थेट गिटारवर फवारू नका. ते पिकअपमध्ये (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागात) आणि लाकडात उतरतं.

व्हिनेगरचा उपाय पोलादापुरता ठीक. स्वस्त गिटारींत ब्लॉक (ब्रिजखालचा जाड ठोकळा) आणि सॅडल बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, आणि व्हिनेगर जस्त खातं. लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला नाही, किंवा गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसली, तर व्हिनेगर बाजूला ठेवा.

पुराच्या पाण्यात राहिलेल्या गिटारचा एकही स्क्रू स्वतः फिरवू नका. गंजलेला स्क्रू फुगलेल्या लाकडात तुटतो आणि मग छिद्र बुजवून पुन्हा पाडावं लागतं. ते काम सुताराचं. तशा हातांना शेजारच्या मिरजेत तोटा नाही. सतारमेकरांचं गावच ते. बाकी ट्रेमोलो म्हणजे निम्मा लेथवाल्याचा विषय.

ब्रिज बदलायचाच असेल तर ऑनलाइन फोटोवर जाऊ नका, फोटोत सगळे सारखेच दिसतात. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा: मध्यापासून मध्यापर्यंत कुठे ५२.५ मिमी, कुठे ५६. पातळ बॉडीत लांब ब्लॉक मागून बाहेर येतो. दांड्याचे आटेही सगळीकडे एक नसतात, जुना दांडा नव्या ब्रिजला बसेलच असं नाही.

स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकतात तिला अर्थची वायर सोल्डर केलेली असते. पट्टी बदलताना ती तशीच सुटी राहिली तर ॲम्पमधून गुणगुण येते. घरी काम केलेल्या गिटारींत आम्ही आधी तेच बघतो.

दुकानात येताना तारा काढू नका, फक्त सैल करा. दांडा आणि निघालेले सुटे स्क्रू, कितीही गंजलेले असोत, सोबत आणा. उघडून पाहिल्यावर खर्च सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच काम सुरू. बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो.