ओंबील मुंग्यांची घरटी

ओंबील किंवा हुमला (शास्त्रीय नाव ओइकोफायला स्मॅरॅग्डिना) ही झाडावर राहणारी तांबूस मुंगी जिवंत पाने एकमेकांना जोडून घरटे बांधते. कोकणात आंबा-काजूच्या बागांत हिरव्या पानांचे हे गोळे सर्रास दिसतात.

या कामाला मुकादम नसतो. राणी अंडी घालते, बांधकामात तिचा काही हुकूम चालत नाही. सुरुवातीला कामकरी मुंग्या जिथे असतील तिथे पानाची कड ओढून पाहतात. बहुतेक पाने दाद देत नाहीत. एखाद्या ठिकाणी कड जराशी वळली, की आसपासच्या मुंग्या आपापला खटाटोप सोडून तिकडे धावतात आणि जोर वाढल्याने ते पान आणखी वळते. घरटे नेमके कुठे व्हायचे, हे असे पानच ठरवते म्हणायला हरकत नाही. दोन पानांतले अंतर एकीच्या आवाक्यात नसेल, तर एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची. अशा अनेक साखळ्या शेजारी-शेजारी लागून पाने जवळ खेचली जातात.

मग येतात मुंग्यांच्याच अळ्या. पूर्ण वाढ होत आलेली अळी जबड्यात धरून कामकरी मुंगी तिला या कडेवरून त्या कडेवर विणकराच्या धोट्यासारखी फिरवते. मिशांनी डिवचले की अळी रेशीम सोडते आणि पाने शिवली जातात. हे रेशीम घरट्यातच खर्ची पडते. अळीला स्वतःचा कोष विणता येत नाही. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी १७७० मध्ये ऑस्ट्रेलियात पाने वाकवणाऱ्या या मुंग्या पाहिल्या होत्या, मात्र पाने जोडणाऱ्या पदार्थाला ते डिंक समजले.

पाने वाळली की नवे घरटे बांधावे लागते. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. राणी मात्र त्यांतल्या एकाच घरट्यात असते.

बागायतदारांच्या लेखी ही मुंगी अर्धी उपकारक, अर्धी उपद्रवी. काजूच्या पालवी-मोहोरावर येणाऱ्या ढेकण्या किडीची ती शिकार करते. चीनमध्ये तर संत्रावर्गीय फळबागांत किडींच्या बंदोबस्तासाठी हिची घरटी मुद्दाम टांगण्याची प्रथा सुमारे चौथ्या शतकापासून नोंदलेली आहे. पण गोड स्रावाच्या लोभाने ती पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांना जपतेही. शिवाय घरट्याला धक्का लागला की ती चावते आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल फवारते. त्यामुळे झाडावर चढून आंबे काढणारे गडी आधी फांदीवरचे गोळे बघून घेतात.