ठळक-नाजूक शीर्षकटंक

जाड आणि बारीक रेषांमध्ये साधारण सहा ते दहापट फरक असलेला, केवळ मोठ्या आकारात वापरण्यासाठी घडवलेला टंक (फाँट). रोमन लिपीत हे वळण अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे दिदो हे मुद्रक घराणे आणि पार्माचा मुद्रक बोदोनी (1740–1813) यांनी टोकाला नेले: उभ्या रेषा जाड, आडव्या केसासारख्या.

देवनागरीला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. बोरूच्या (लिहिण्याच्या कापीव काडीच्या) टोकाच्या तिरक्या कापामुळे वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेषा सर्वांत जाड पडते, उलट दिशेची सर्वांत बारीक. उभ्या-आडव्या रेषा या दोहोंच्या मधल्या. रोमनच्या धर्तीवर आडव्या रेषा बारीक केल्या की शिरोरेषाच झिजते आणि लांबून नुसते उभे दंड दिसतात. शिरोरेषा दंडाच्या निम्म्याहून बारीक न ठेवणे बरे. दुसरा धोका तिरक्या रेषांचा. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरकी रेषा बोरूच्या नियमाने बारीकच येते. ती विरली की ‘बाग’ची ‘वाग’ होते. तेवढी रेषा नियम मोडून जाड करावी.

टंक पारखायला कोकणातली गावे उत्तम. ‘वेंगुर्ले’मध्ये अनुस्वार, मात्रा, उकार, रफार सगळे येते, ‘हर्णै’त रफारावर दोन मात्रांची गर्दी होते. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा ‘ऱ्’ तर अनेक फाँटमध्ये तुटतो किंवा अगदीच नाजूक असतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ काही फाँटमध्ये असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत.

बारीक रेषा टंकाच्या आकाराच्या 2 टक्के धरली, तर 72 पॉइंटला (एक इंचाला) ती 1.44 पॉइंट, म्हणजे सुमारे 0.5 मिमी भरते; 12 पॉइंटला जेमतेम 0.24 पॉइंट. म्हणून लग्नपत्रिकेतील वधूवरांची नावे, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, दशावतारी नाटकाच्या जाहिरातीतील आख्यानाचे नाव ही त्याची हक्काची जागा. पत्रिकेतला मुहूर्त आणि पत्ता साध्या टंकात. गडद रंगावर पांढरी अक्षरे काढल्यास शाई आत सरकून बारीक रेषा बुजते.

आंब्याच्या पेटीवर मात्र हा टंक टाळावा. पन्हाळीदार पुठ्ठ्यावर रबरी ठशाने छापताना दाब पन्हाळीच्या कण्यावर जास्त आणि मधल्या खळगीत कमी पडतो, त्यामुळे बारीक रेषा तुटक उमटते. कच्च्या लाकडावर शाई पसरते. जांभ्याच्या गिलावा नसलेल्या भिंतीवर सच्छिद्र पृष्ठभाग कडा खातो. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या पाटीवर 6 इंची टंकाची बारीक रेषा सुमारे 3 मिमीची होते. 60 फुटांवरून 5 मिमीहून लहान तपशील डोळ्याला नीट वेगळा दिसत नाही. असा फलक करायचाच असेल तर बारीक रेषा दुपटीने जाड केलेले वळण घ्यावे. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते.